खोडायचा राहिलेला बैल

“तुमी कोणी इस्वास ठेवणार न्हाई, हे आधीच सांगतो,” असं म्हणून नेमसिंगनं सेनगावच्या स्टँडवर, साखऱ्याची जीप भरेपर्यंत, आपल्या नातीची गोष्ट काढली.

कोमल कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथं एका गेमचा सामना ठरला होता, जिंकणाऱ्याला बक्षीस. एकाचा बैलांचा तांडा मीठ घेऊन बाजार गाठणार, दुसऱ्याची फौज तो अडवणार. खेळताना हात लावायचा नाही. आधी लिहून ठेवलेली स्क्रिप्टच बैल न् शिपाई हाकणार. कोमलनं फौजेची स्क्रिप्ट लिहायला घेतली. शिपायाला जे दिसेल ते यादीत चढवायचं, यादीत जे सगळ्यात जवळ त्याच्यावर तुटून पडायचं. नजरेआड गेलेलं खोडायचं, ही ओळ तेवढी राहिली. उद्या लिहू म्हणून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टवर योगेशचं नाव! शेजारच्या खुर्चीवरचा योगेश, तिच्या डब्यातली भाकर खाणारा. सरांनी त्याची पाठ थोपटली. कोमल भांडली, तर तो सगळ्यांदेखत हसला. “तांड्यावरची पोरगी अन् फौज लिहिणार?”

बक्षीस जाऊ दे चुलीत. ह्याच्याच तोंडून, ह्याच पोरांसमोर, ‘तुझी’ एवढा एक शब्द वदवायचा, हे कोमलनं तिथंच ठरवलं. दोन महिने ती त्याच्याच शेजारी बसली. भाकर देत राहिली. अन् मुकाट बैलांची स्क्रिप्ट लिहीत राहिली.

सामन्याच्या दिवशी तिचा एक पांढरा बैल टेकडीवर चढला, फौजेला दिसला न दिसला तोच मागं उतरला. योगेशचे चाळीस शिपाई टेकडीवर धावले. बैल तिथं नव्हता, यादीत होता. मग काय, रिकाम्या गवतावर सपासप तलवारी! खालून मिठाचा तांडा घंटा वाजवत चालला. शिपायांना तोही दिसला, पण यादीत सगळ्यात जवळ तोच पांढरा.

पोरं हसून हसून बाकावर आडवी झाली.

“अरे, काय करून राहिली तुझी फौज?” सर म्हणाले. “तूच लिहिलीस ना? दाखव चूक.”

योगेश ओळी वर-खाली करत घामाघूम झाला. शेवटी कुजबुजला, “कोमल, सांग ना.”

“काहून सांगू? स्क्रिप्ट कोणाची हाय?”

“...तुझी.”

“त्या मागच्या बाकाला ऐकू गेलं न्हाई.”

“तुझी हाय! तुझी!”

“खोडायची ओळ न्हाई त्यात,” कोमल म्हणाली. “मी ती लिहायच्या आधीच तू स्क्रिप्ट चोरलीस.” अन् तांडा बाजारात पोचला तरी तिनं खेळ बंद करू दिला नाही. त्याला शेवटपर्यंत गवत कापताना बघायला लावलं.

इथं थांबला असता तर तो नेमसिंग कसला!

“गवत संपलं,” तो म्हणाला, “तसे शिपाई काच फोडून भाईर आले! पार हट्टा गावापर्यंत सोयाबीन कापत गेले. पुढच्याच बाकावर बसून ह्या डोळ्यांनी पाह्यलं!”

जीपमधून त्याच्या बायकोनं, नानीबाईनं, मान बाहेर काढली.

“कोणत्या डोळ्यांनी वो? त्या दिवशी मोतीबिंदू काढून, पट्टी बांधून घरी खाटेवर पडला होता तुमी! त्या यादीतून आधी तुमालाच खोडा!”