मापट्याचा श्वास

निरोगी माणसाच्या छातीत हवा मावते तरी किती, हे पाच केंद्रं मिळून मोजत होती. पाचही यंत्रं एकच बोलली पाहिजेत, नाहीतर सगळं मुसळ केरात. म्हणून एक धडधाकट माणूस केंद्राकेंद्रांतून फिरून प्रत्येक यंत्रात फुंकायचा. त्याला सगळे मापटं म्हणत.

हे मापटं म्हणजे इथल्या तंत्रज्ञ बाईंचे धाकटे दीर, आणि घरच्याच माणसाने बाईंची अब्रू घालवली होती. मागच्या खेपेला दिरांचा आकडा इथे कमी आला. यंत्रात खोट आहे, असं मोठ्या साहेबांनी ठरवून टाकलं. आज पुन्हा तसंच झालं, तर केंद्र बाद, आणि एवढ्या लोकांनी डोळे पांढरे होईस्तोवर फुंकलेलं सगळं पाण्यात.

बाई मुळात हट्टी. त्यांनी सकाळीच मोजून भरलेल्या पंपाची हवा यंत्रात सोडली. यंत्राने ती थेंबभरही इकडेतिकडे न करता दाखवली.

दीर आले ते चेष्टा करतच. "काय वहिनी, तुमच्या यंत्राचा दमा बरा झाला का?"

"बसा. नाकाला चिमटा लावा आणि तोंड बंद ठेवा, म्हणजे नळीभोवती."

त्यांनी फुंकलं. बाई शेजारी उभ्या राहून "अजून, अजून, सोडू नका" म्हणत राहिल्या. आकडा मागच्या वेळेपेक्षाही खाली आला.

"बघा, बिघडलंय," दीर म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या आणि जिंकल्याच्या थाटात आधीच्या केंद्रावर फोन लावला. "तुमच्याकडे मापट्याचं किती आलं होतं?"

पलीकडचा तंत्रज्ञ भोळेपणाने बोलला, "कमीच आलं की. मग मी यंत्र त्यांच्याशी जुळवून घेतलं. मापटं कसं चुकेल?"

बाईंनी फोन ठेवला. अंगणाची म्हण आता त्यांच्याच घशात अडकली. यंत्र बरोबर निघावं म्हणून त्या महिनाभर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आता ते खोटं निघावं, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. त्यांनी नवी नळी लावली, खुर्चीत बसून स्वतः जीव खाऊन फुंकलं. त्यांचा आकडा नेहमीचाच आला.

दिरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. जन्म त्याच कामात गेला होता.

"जिना चढताना दम लागतो हल्ली," ते म्हणाले. "वजन वाढलंय म्हटलं. वहिनी, यंत्र बिघडलं असंच कळवा ना. दादाला एवढ्यात कळायला नको."

बाईंना रडू आलं आणि रागही आला. "गप्प बसा. खाली छातीचे डॉक्टर बसलेत, आत्ता जायचं. तुमच्या दादाशी मी बोलते."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. यंत्राचं काय झालं, त्यांनी विचारलं.

"यंत्र बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

बाईंनी दिरांकडे पाहिलं. ते नाकाचा चिमटा पुसून नीट डबीत ठेवत होते.

"नक्की."

"वा, मग तुमचं केंद्र वाचलं," साहेब म्हणाले. "अभिनंदन."