बूट काढा, काकू

पेरिनाच्या नवऱ्याची शवपेटी नावेच्या मधोमध दोरानं आवळून बांधली होती. क्रशेवान गेला किनाऱ्यावरच्या इस्पितळात आणि पुरायचा होता बेटावर, आईबापांशेजारी. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीत समोरून येणारी मासेमारीची प्रत्येक नाव इंजिन बंद करी, माणसं टोप्या काढून उभी राहत. सुट्टीवर आलेल्यांच्या पांढऱ्या बोटी मात्र भरधाव जात होत्या. काहींनी तर हात हलवले!

"वरात वाटली की काय मेल्यांना," पेरिना म्हणाली.

जुगो सुटला होता. दक्षिणेचा हा वारा चढला की बेटाचा धक्का कुणाला जवळ येऊ देत नाही. आत्ता उतरलं नाही, तर क्रशेवान परत शहरातल्या शीतघरात.

धक्का दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्मशानाखालचा एवढासा धक्का, तो एका लांबलचक बोटीनं अख्खा अडवलेला. वर नाश्ता चालला होता. तांडेल कोण, तर पलीकडच्याच गावचा रोको.

"हलव रे!" सुकाणूवरून तिचा दीर झोर्को ओरडला.

"पाहुणे खातायत, काका. तासाभरानं हलवतो."

"तासभर जुगो काय तुझ्या बापाचं ऐकणार?"

मग झोर्कोनं नाव सरळ त्या बोटीलाच बांधली. धक्क्यावर जागा नसेल तर शेजारच्या बोटीवरून चालत जायचं, हा इथला पणजोबांपासूनचा हक्क. त्याला नाही म्हणणारा आजवर जन्मला नव्हता. रोकोही नाही म्हणाला नाही.

"जा. पण बूट काढा सगळ्यांनी, काकू. लाकूड नवं आहे, मालक मला खाईल."

पेटी उचलून उभे असलेले पुरुष एकमेकांकडे बघू लागले. झोर्को तर खरोखरच बुटाची नाडी सोडायला वाकला. आयुष्यभर होला हो करत आलेला माणूस!

"खबरदार, झोर्को!" पेरिना कडाडली. मग रोकोकडे वळली. "क्रशेवाननंही बूट घातलेत. मी पॉलिश करून चढवलेत. ये, उघड पेटी. आधी त्याचे काढ, मग आम्ही काढतो."

रोकोचं तोंड उतरलं. पाहुण्यांनी आपणहून टेबल ओढून वाट केली. पेटी त्या चकचकीत लाकडावरून निघाली, काळे बूट खाडखाड वाजत गेले. कठड्यापाशी पेटी अडली, तसा रोको धावत खांदा द्यायला आला.

पेरिनानं त्याचा हात झटकला आणि स्वतःचा खांदा खाली घातला.

"तू नको," ती म्हणाली. "तू नाश्ता वाढ."