पडेगावची चौकशी

फॉर्मवर मुलगा 'निर्व्यसनी' आहे असं लिहिलेलं दिसलं की मी आधी त्याच्या गल्लीतल्या पानवाल्याकडे जाते. बावीस वर्षं समर्थनगरात वधू-वर सूचक केंद्र चालवतेय, ते काही लोकांच्या शब्दावर नाही. घरच्यांना मी कधीच विचारत नाही, घरचे काय, गुणच सांगणार. पानवाला, इस्त्रीवाला, गिरणीवाली यांच्याशी दहा मिनिटं बोललं की माणूस कळतो. या चौकशीपायी मी दोन लग्नं मोडलीत आणि दोन्ही मुलींच्या आयांनी नंतर माझे पाय धरलेत. तेव्हा 'सरोजिनीबाई फार संशयी' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

यंदा केंद्राची वेबसाइट करायचं ठरलं. पुण्याचा भाचा केयूर मागेच लागला होता, "मावशी, आता फायली चाळायला कोण येतं?" काम दिलं युसराला. तेवीस वर्षांची, एमसीए झालेली, पडेगावची. वडील निजामुद्दीनभाई लोखंडी कपाटं बनवतात. एक तारखेला ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत रुजू होणार होती, त्याआधी महिनाभर माझं काम. पोरीला कंपनीत पाठवायला तिची अम्मी घाबरत होती. "पण तुमच्याकडे रोज नीट येते-जाते ते बघून आता राजी झालीय, काकू," असं युसरानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला बरं वाटलं. मी तिला सहाशे चाळीस मुलींची यादी पेनड्राइव्हवर दिली. नावं, जन्मतारखा, फोन नंबर, फोटो, सगळं.

मंगळवारी ती म्हणाली, "काकू, साइट तुमच्या फोनवर उघडून बघा." पत्ता म्हणून दिले नुसते आकडे आणि ठिपके. मी टाइप केले, तर समोर लाल त्रिकोण. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.'

"हे काय गं?"

"ते येतंच, काकू. खाली 'प्रगत' दाबा आणि पुढे जा. काही होत नाही."

काही होत नाही! बँकेच्या नावानं फोन करणारे भामटेही असंच म्हणतात.

"अगं, पण चोरी म्हणतंय ते."

"साइट अजून माझ्या लॅपटॉपमध्येच आहे ना, बाहेर गेलीच नाही. मुलींना फोनवरूनच फोटो काढता यावा अशी सोय केलीय, आणि सुरक्षित पत्ता नसेल तर ब्राउझर कॅमेराच देत नाही. म्हणून साइटचं ओळखपत्र असतं ना, ते सर्टिफिकेट टेस्टिंगपुरतं मीच बनवलं. ब्राउझर त्याला ओळखत नाही म्हणून ओरडतोय. साइट सुरू होईल तेव्हा खरं घेऊ."

स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच बनवलं, आणि वर मला तोंडावर सांगतेय! मी 'सुरक्षिततेकडे परत' दाबलं आणि फोन पालथा ठेवला. तिनं त्या दिवशी आणखी दोनदा म्हटलं, "काकू, एकदा आत जाऊन बघा तरी." जितका आग्रह करायला लागली, तितका माझा संशय वाढला.

मग मला सगळंच दिसायला लागलं. मी चहा घेऊन गेले की ती लॅपटॉप जरा मिटून घ्यायची. फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायची. पेनड्राइव्ह परत मागितला तर म्हणाली, "शेवटी देते, अजून लागेल." सहाशे चाळीस पोरींचे फोटो आणि नंबर! उद्या ते कुठल्या ग्रुपवर फिरले तर मी कोणकोणाच्या आईबापांना तोंड दाखवू? केयूरला विचारावं असं मनात आलं. पण तो काय सांगणार? तोही त्याच धंद्यातला.

बुधवारी सकाळी मी रिक्षा केली आणि छावणी ओलांडून पडेगावला गेले.

निजामुद्दीनभाईंच्या वर्कशॉपपासून वीस पावलांवर पिठाची गिरणी आहे. रत्नमालाबाई चालवते. तीन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. एरवी 'स्थळ बघतोय' म्हटलं की माझं काम होतं, लोक आपणहून बोलतात. इथं तसं म्हणता येईना. मी म्हटलं, "ही युसरा कशी आहे हो? कुणात ऊठबस आहे तिची?"

"लई शांत पोरगी हाय. का बरं?"

"आमच्या केंद्राची माहिती तिच्याकडे आहे. जरा खात्री करून घ्यावी म्हटलं."

रत्नमालाबाईनं गिरणी बंद केली. "म्हंजी? चोरीबिरीचं हाय का काय?"

इथं 'छे छे' म्हणायचं होतं. मी म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही."

तिन्ही बाया माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. चौकशी अशीच करायची असते.

गुरुवारी युसरा आली नाही. शुक्रवारी आली ती वडिलांना घेऊन. निजामुद्दीनभाई उंबऱ्याबाहेरच थांबले. या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"ताई, जे इचारायचं व्हतं ते मला इचारायचं. मी तिथंच व्हतो, वीस पावलांवर," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "दोन दिवसांत चार घरची मानसं येऊन गेली. पोरीनं काय चोरलं म्हनून इचारतात. हिची अम्मी आता कंपनीला नाय म्हनते."

युसरानं टेबलावर दोन पेनड्राइव्ह ठेवले. "ही तुमची यादी. यात साइट आहे, पूर्ण झालीय. केयूरदादांना सांगा, ते चढवतील." ती रडली नाही. "एकदा तरी आत जाऊन बघायचं होतं, काकू."

ते दोघं जिना उतरून गेले.

रविवारी केयूर आला. त्यानं साइट माझ्या कॉम्प्युटरवर लावली. पुन्हा तोच लाल त्रिकोण.

"तू लावलीस तरी येतं हे? मी तर तेव्हा मागेच फिरले," मी म्हणाले.

"सगळ्यांकडे येतं, मावशी. चोर सापडला असं म्हणत नाहीये ते. समोरच्याची ओळख पटत नाही, इतकंच. अनोळखी साइटवर हे आलं तर मागे फिरायचं, बरोबर केलंस. पण इथं साइट बनवणारी तुझ्या शेजारी बसलेली होती."

मी 'प्रगत' दाबलं आणि पुढे गेले. आत मुलींची यादी होती. राजनंदिनी एक, राजनंदिनी दोन, राजनंदिनी तीन, अशी चाळीसपर्यंत. सगळ्यांचे फोन नंबर दहा शून्यं. फोटोंच्या जागी झेंडूची फुलं.

"आपली यादी कुठंय?"

"लावलीच नाही तिनं. ती अगदी शेवटी चढवायची. टेस्टिंगला खऱ्या मुलींचे नंबर कशाला वापरायचे? शहाणी आहे पोरगी."

मला इतकी लाज वाटली की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिच्या जागी आमच्या गल्लीतली जोशांची ओवी असती, तर मी रिक्षा केली असती? नसती केली. ओवीला मी समोर बसवून विचारलं असतं. हे मी केयूरला सांगितलं नाही.

एक तारखेला अजून चार दिवस होते. गावभर झालेलं बोलणं जिथून सुरू झालं तिथंच थांबवायचं म्हणून सोमवारी मी पुन्हा पडेगावला गेले. गिरणीवर चार बाया होत्या. बरंच झालं, म्हटलं, सगळ्या ऐकतील.

"रत्नमालाबाई, परवा माझीच चूक झाली. युसरानं काहीही घेतलेलं नाही. सोन्यासारखी मुलगी आहे. कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगा."

तिनं हातातलं पीठ झटकलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढं सांगायला रिक्षा करून आलाव?"

"हो."

"मिटवलं म्हना की आपसात," ती म्हणाली, मला नव्हे, शेजारच्या बाईला. ती बाई समजल्यासारखी हसली.

कुणी न बोलावता येऊन मुलाची ग्वाही देऊ लागला, की त्या घरात काहीतरी शिजतंय असं मी बावीस वर्षं धरून चालत आलेय. आता मी जितकं बोलले असते तितकं युसराचं आणखी वाईट झालं असतं. निजामुद्दीनभाईंचं वर्कशॉप तिथून दिसत होतं, दार उघडं होतं. जाऊन त्यांची माफी मागायची होती. पण चारही बाया माझ्याकडेच बघत होत्या, मी तिकडे वळले असते तर संध्याकाळपर्यंत त्याचीही गोष्ट झाली असती. मी रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला चल म्हणाले.