माझ्या नावाचे नळ

माझी पहिली दुरुस्ती स्वीकारली गेली, त्या सकाळी आमच्या हॉलच्या भिंतीतून एक पितळी नळ उगवला. त्यावर माझं नाव होतं, भाग्यश्री बिराजदार, आणि तो आपला आपण वाहत होता. लातुरात, तिसऱ्या मजल्यावर, ऐन मे महिन्यात.

काम साधं होतं. ओपन सोर्स म्हणजे कॉम्प्युटरचा असा प्रोग्राम, जो सगळ्यांचा असतो, कुणीही फुकट वापरावा. त्यातली चूक मी शोधायची, सुधारून पाठवायची. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी ती तपासून घेतली, की आमच्याकडे नवा नळ. मला वाटायचं, कुणीतरी नळावरचं नाव वाचेल आणि पैसे देऊन मला काम सांगेल.

"काय करायलीस माय दिवसभर?" आई म्हणायची. "अख्ख्या गावाला फुकट पाणी पाजायलीस! दिवाळीपर्यंत एक तरी काम आण, नाहीतर मामाच्या सिमेंटच्या दुकानात बस."

दुकानातली खुर्ची दुसऱ्याच दिवशी जिना चढून आली. लोखंडी, सीटवर सिमेंटची पूड. दाराशी थांबली आणि रोज थोडी थोडी माझ्या टेबलाकडे सरकू लागली. मी तिला उचलून खाली सोडून यायचे. मेली परत यायची.

मी हट्टानं दुरुस्त्या पाठवत राहिले. नळ कपाटाला आले, देवघरात आले, पंख्याला आले. लोक हंडे-कळशा घेऊन यायचे. शेजारच्या मंगलकाकू म्हणायच्या, "पाणी गोड आहे गं. पण नाव कुणी वाचतंय का?" मला रडू यायचं. मग राग यायचा, आणि त्या रागात मी आणखी एक चूक शोधून काढायचे.

धनत्रयोदशीला खुर्ची माझ्या गुडघ्याला टेकली. त्याच दुपारी चिद्रवार आले, पुण्यातल्या एका कंपनीचे मालक. शर्टाच्या गुंड्या काढून त्यांनी छाती दाखवली. बरगड्यांमधून माझ्या नावाचा नळ उगवला होता आणि तो गळत होता.

"आमचा सगळा धंदा यावर चालतो," ते म्हणाले. "एवढा घट्ट करून द्या. तुम्ही फुकटच करता ना? तुमचं नाव होईल."

"नाव आहेच की, तुमच्या बरगडीवर."

आई स्वयंपाकघरातून पाना घेऊन आली. माझ्या हातात देत म्हणाली, "आधी रेट सांग."

"पाणी फुकट आहे, चिद्रवारसाहेब. हवं तेवढं न्या," मी म्हणाले. "माझे हात फुकट नाहीत. बसा."

बसायला तीच खुर्ची होती. ते बसले. मी रेट सांगितला.

"जरा कमी करा की."

"नाही."

खुर्ची वळली आणि त्यांना घेऊन दाराकडे निघाली. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यातून पाण्याची धार लागली. पाण्याला आलेल्या मंगलकाकूंनी लगबगीनं खाली कळशी लावली. मी पाना घेऊन उभी होते, त्यांच्या होकाराची वाट बघत. खुर्ची पहिली पायरी उतरली.