सरकारी काच

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आणि त्या एप्रिलात तर तो नाकाच्या शेंड्यावरच बसलेला होता. साल शहाण्णव. सरकारनं गावोगावी टेलिफोन दिले होते. ते चालतात की नाही हे बघायचं काम आमच्या संस्थेला मिळालं आणि संस्थेनं ते माझ्या गळ्यात मारलं. जामखेडच्या बाजूची अकरा गावं झाली, त्यांतले नऊ फोन मुके. एका ठिकाणी तर हळदकुंकू वाहून फोन देव्हाऱ्यात ठेवलेला. आता काय बोलणार, कपाळ!

बाराव्या गावाचं नाव सांगत नाही. तिथला फोन गावात नव्हताच. गावाबाहेर माळावर बौद्ध वस्ती होती, तिथं रतनबाईंच्या घरी होता. हे फोन बिनतारी, त्यांच्या खांबाला उंची लागते आणि उंच जागा काय ती तेवढीच. रतनबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. घरकुलातलं स्लॅबचं घर, बाहेरून जिना. मी रिसीव्हर कानाला लावला, तर आत नुसती शांतता. नियम साधा होता. दिवसातून दोनदा तपासायचा, दोन्हीदा बंद निघाला तर फोन काढून दुसऱ्या गावाला द्यायचा. मी तो त्यांना वाचून दाखवला, जरा तोऱ्यातच.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "बंद लिवू नका, बाई. ह्यो आला तवापास्नं गावातली मान्सं माज्या दारात यायला लागली. ह्यो गेला तर परत कोन येतंय?"

मी म्हटलं, चार वाजता पुन्हा बघते. त्यांनी फरशीवर चटई टाकली, उशाला गोधडी दिली. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की दाराच्या चौकटीत जगच उरलं नव्हतं. वारा खांबाच्या तारेतून एक सूर लावून बसला होता. माझा डोळा लागला. झोपेत वाटलं, मी विहिरीच्या तळाशी पडलेय आणि वर कुणाकडे तरी लग्नघर आहे. बांगड्या वाजताहेत, पावलं धावताहेत, कुणीतरी हसून हसून बेजार झालंय. ते इतकं गोड आणि लांबचं होतं की मला उठूच वाटेना.

शेवटी उठले तरी आवाज थांबले नव्हते. ते छतावरून येत होते. मी जिना चढून गेले.

वर गावातल्या आठ-नऊ बाया होत्या. मधोमध फोनची सोलरची काच, दक्षिणेकडे जराशी कललेली, आणि तिच्या निळ्या अंगावर ओळीनं पांढऱ्या कुरडया. सोऱ्यातून आणखी पडतच होत्या. काचेवर म्हणे अर्ध्या दिवसात वाळतात आणि न मोडता सुटतात. कुणीतरी गरम चिकाचा गोळा माझ्या हातावर ठेवला, आणि मी, चिडकी बाई, उभ्या उभ्या तो खाल्ला. रतनबाई कोपऱ्यात काठी घेऊन कावळे हाकत होत्या. बायांच्या थट्टेला तोंडाला पदर लावून हसत होत्या. हा चेहरा मी खाली पाहिलाच नव्हता. मला तिथं फार बरं वाटलं. किती वेळ गेला, कळलं नाही.

आणि मग माझी ट्यूब पेटली. फोन ज्या उन्हावर जगतो, ते सगळं कुरडया खात होत्या!

मी बायांना समजावून सांगितलं. त्या खरंच ओशाळल्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रतनबाईंना मात्र लाईनमननं होळीलाच सांगितलं होतं. मग तुम्ही गप्प का बसलात, म्हणून मी त्यांच्यावर भडकले. त्या काठी उचलून कावळ्यांकडे वळल्या.

उपायही मीच काढला, शहाणी ना मी! म्हटलं, इथंच स्लॅबवर कापड अंथरा, ऊन तेच आहे. रतनबाई लगबगीनं खाली गेल्या, ट्रंकेतलं धुतलेलं पांढरं लुगडं घेऊन आल्या, अंथरलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. मग बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

कुणीच हललं नाही.

त्यांच्यात मनकर्णाकाकू सगळ्यांत मोठ्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि लेकराला सांगावं तशा हळूच म्हणाल्या, "काच सरकारची हाय, बाई. तिला कसला इटाळ?"

आणि त्यांनी अंथरलेल्या लुगड्याकडे एक नजर टाकली. बायांनी ओल्या-सुक्या कुरडया ताटांत भरल्या, सोऱ्या-पातेली उचलली. उद्धट कुणी झालं नाही. एक तर रतनबाईंना "येते गं" म्हणून गेली. बघता बघता माळावरची वाट रिकामी झाली.

साडेचारला फोनमध्ये जीव आला. मी नगरचा नंबर फिरवला, ऑफिसातल्या तुषारचा आवाज खणखणीत ऐकू आला. मी मूर्ख, मला आनंद झाला. 'चालू'पुढे खूण केली आणि रतनबाईंना म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं, आता फोन कुठं जात नाही.

त्या दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"फोन न्या तुमी, बाई," त्या म्हणाल्या. "काच तेवढी ऱ्हाऊ द्या."

मी म्हणाले, तसं करता येत नाही, दोन्ही एकत्रच येतं.