हिरवी पाचर

दोन देशांनी मिळून डोंगरावर पावसाचं रडार बसवलं, तेव्हा भाषणं अशी झाली की सीमा कालच पुसली गेली असावी. खर्च निम्मा-निम्मा, अविश्वास मात्र दोघांचा पुरेपूर. पलीकडच्यांची छावणी ज्या दिशेला, तिकडचं कुणालाच काही दाखवायचं नाही, असं ठरलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! सीमा वाकडीतिकडी, त्यामुळे छावणीबरोबर अलीकडचं एक खोरंही झाकलं गेलं. नकाशावर तिथे काळी पाचर दिसायची.

हा नकाशा लोकांच्या फोनवर पाठवणं ताईचं काम. केंद्रात तिला सगळे ताईच म्हणत. वर्धापनदिन जवळ आला आणि दोन्हीकडच्या साहेबांचं कधी नव्हे ते एकमत झालं.

"हा काळा डाग पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही. भरून टाका काहीतरी."

ताईने हिरवा भरला. हिरवा म्हणजे निरभ्र. तिला खटकलं, नाही असं नाही. पण समारंभ उरकला की काढू म्हणाली आणि पाहुण्यांची ओळखपत्रं लावायला बसली.

समारंभाच्या सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो त्याच खोऱ्यात राहायचा.

"ताई, नदीतला पंप गाळाने तुंबलाय. उतरू का खाली? वरच्या अंगाला ढग आहेत, पण तुझा नकाशा तर हिरवागार."

दारातून साहेब हातवारे करत होते. पाहुणे आले होते.

"हिरवा आहे ना? मग जा की. ठेव आता, माझी धांदल आहे."

"दोन्ही देश आता एकाच डोळ्याने आभाळ पाहतात," या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळी वाजवता वाजवता ताईला कळलं, आपण काय बोलून बसलो. ती बाहेर धावली. फोन नुसता वाजत राहिला. डोंगरावरून आलेला लोंढा तोवर पंपासकट भावाला घेऊन गेला होता.

चौकशी दोघांनी मिळूनच केली, अगदी गळ्यात गळे घालून. रडार ठणठणीत होतं, तो पाऊस त्याने व्यवस्थित टिपला होता, असा निष्कर्ष निघाला. नकाशा कुणी रंगवला, हे विचारणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

भावजय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ताईंना नावं ठेवू नका. त्यांना विचारूनच गेले होते हे. आभाळच फसवं निघालं, त्याला त्या काय करणार?"

ताईने सांगायला तोंड उघडलं. भावजयीने पेला तिच्या ओठांशी धरला.

"आधी पाणी प्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

ताई पाणी प्यायली.