माझ्यावर लागलेली पैज

"ही सतरंजी रविवारी संध्याकाळी माणसांनी गच्च भरली ना, तर माझी गाडी मी स्वतः ढकलत नेईन. तोंडाने हॉर्न वाजवत!" गाडीवाले काका म्हणाले.

"आणि नाही भरली, तर हिची पायपुसणी शिवून तुमच्या दारात घालीन," शिंपीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, 'ही' म्हणजे मी. मी एक जुनी सतरंजी आहे. पैज यांची, कात्री माझ्यावर! मला विचारलं कुणी?

हातमागावरून उतरले तेव्हा लालभडक होते. लग्नं पाहिली, सभा ऐकल्या. लांबलचक भाषण करणाऱ्याच्या पायात मुद्दाम अडकलेही. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी गेले माळ्यावर. घडी होऊन पडायचं? अंग नुसतं शिवशिवायचं!

गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा होती. तिथे काकांची बंद पडलेली गाडी येऊन बसली, तिच्या आडोशाला कचरा बसला आणि माणसं घरात बसली. बाईंनी उरलेली जागा झाडली, मला माळ्यावरून काढून अंथरलं आणि हाक दिली, "तुटलेली बटणं आणा! फुकट लावते, पण इथंच बसून थांबायचं!"

पोस्टमन शर्ट देऊन बनियनवर बसला. कुणी मटार सोलायला आणले, कुणी बुद्धिबळ मांडलं. रोज माणसं वाढत गेली.

रविवारी मात्र माझा एक कोपरा रिकामाच! तो फडफडत होता वाऱ्याने, की भीतीने, कोण जाणे. काका कडेला उभे. "बाई, कात्री काढा!"

तेवढ्यात काकांची आई काठी टेकत आली. कितीतरी दिवसांनी ती जिना उतरली होती. कोपऱ्यात बसली. तरी शेजारी थोडी जागा उरलीच.

"बघ आई, अजून एक माणूस मावतंय!" काका खूश.

"मग खांबासारखा उभा काय? बस की!"

आईचा तो आवाज! काकांनी निमूट मांडी घातली. मग खाली पाहिलं.

"अगं आई गं!"

"काय रे, बटण तुटलं?"

सगळी सतरंजी हसली, म्हणजे मीही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला खाली काढा. रस्त्याकडेला पसरा आणि आधी तुम्ही बसा.

काकांनी गाडीला खांदा लावला. "पीं पीं."

"ऐकू नाही आलं!" शिंपीणबाई ओरडल्या.

"पींऽऽ पींऽऽ! सरकाऽऽ!"

आणि गाडी हलली.